व्हेसावरचा वाद मी छापला

मित्रांनो, झेरॉक्सची दुकाने गल्लोगल्ली निघाली त्याच्या आधी शाळेच्या प्रश्नपत्रिका, सभांची पत्रके आणि हौशी लोकांची छोटी मासिके ज्यावर निघत, ते सायक्लोस्टाईल यंत्र म्हणजे मी. तुमच्या आजोबांना विचारा, त्यांनी माझे एखादे भावंड पाहिले असेल. माझ्या अंगात एक गोल पिंप आहे. त्यात शाई भरायची, वर मेणाची स्टेन्सिल ताणून बसवायची आणि बाजूचा दांडा फिरवायचा. टाइपरायटरच्या ठोक्यांनी स्टेन्सिलवर अक्षरे कापलेली असतात. त्यांतून शाई झिरपते आणि खालून सरकणाऱ्या कागदावर उमटते. काय छापावे आणि काय नाही, हे मला ठरवता येत नाही. जे वर बसवले ते खाली निघते.

माझा जन्म शिकागोतल्या एका कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. लाकडी खोक्यात घालून मला आगगाडीने उत्तरेला डुलुथला पाठवले आणि तिथल्या एका लुथरन चर्चच्या तळघरात माझी जागा ठरली. डुलुथला सरोवराकडून वारा येतो आणि बर्फ एप्रिलपर्यंत हटत नाही. थंडीने शाई घट्ट होऊ नये म्हणून मला इमारत गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या जवळ ठेवले होते.

चर्चची चिटणीस होती आर्डिस लिंडक्विस्ट. उंच, मोठ्या हाडाची, केस घट्ट बांधणारी बाई. तिचा नवरा खनिज वाहणाऱ्या बोटीवर होता आणि मुलगी लहान असतानाच वारला होता. आर्डिस रविवारच्या भजनांचे क्रमांक, सहभोजनाची आमंत्रणे, बारशांच्या आणि मयतांच्या पत्रिका स्टेन्सिलवर कापायची आणि माझ्यावर काढायची. मोठे पाद्री लोकांना सांगत की आर्डिस आणि हे यंत्र आहे तोवर आपल्या चर्चचे काही अडायचे नाही. असे कुणी म्हटले की आर्डिस फडक्याने माझे रूळ जरा जास्तच घासून पुसायची.

तिची मुलगी लिनेआ शाळा सुटली की तळघरात यायची. माझा दांडा फिरवायला तिला आवडे. बिघडलेल्या कागदांच्या पाठीवर ती गणिते सोडवत बसायची. शुक्रवारी मात्र मायलेकी लवकर आवरून घरी पळत, कारण त्या संध्याकाळी टीव्हीवर ‘पलीकडचे ठाणे’ लागायचे.

ही मालिका मी कधी पाहिलेली नाही. पण पुढे तिच्याबद्दल इतकी पाने माझ्यातून गेली की मला ती तोंडपाठ आहे. ताऱ्यांच्या पार पलीकडे माणसांचे एक ठाणे असते आणि तिथून एक यान निरनिराळ्या ग्रहांवर जात असते. यानावर एक शूर कप्तान, एक चिडका डॉक्टर, एक म्हातारा यंत्रज्ञ आणि एकच बाई, लेफ्टनंट व्हेसा. यानाची वाट शोधून देणे हे व्हेसाचे काम. तिच्यापुढे ताऱ्यांचा नकाशा असे. ती आकडे मांडे आणि सगळे पुरुष तिच्या उत्तराची वाट पाहत थांबत.

लिनेआ पुढे मिनियापोलिसच्या विद्यापीठात गणित शिकायला गेली. तरी शुक्रवारी ती एक जुनी गाडी घेऊन घरी येई, आईबरोबर मालिका बघे आणि रविवारी परत जाई. एका हिवाळ्यात अशीच घरी येताना तिची गाडी रस्त्यावरच्या बर्फावरून घसरली आणि झाडावर आदळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्डिस नेहमीच्या वेळेला तळघरात आली. कोट काढून खुंटीला लावला, टाइपरायटरवर स्टेन्सिल चढवली आणि लिनेआच्या मयताची पत्रिका कापली. पाद्री जिन्यावरून म्हणाले की आज हे काम दुसरे कुणी करील. आर्डिस म्हणाली, “दुसरं कुणी करणार नाही. इथे मीच असते.” त्या स्टेन्सिलवर एकही चूक नव्हती. तिने दांडा फिरवला आणि लिनेआचे नाव पुन्हा पुन्हा कागदावर येत राहिले. मला काही वाटले नाही. तिलाही काही वाटत नसावे, कारण तिचा हात आदल्या आठवड्यात फिरला होता तसाच फिरत होता.

काही दिवसांनी ती मालिका बंद पडली. त्यानंतर चर्चने विजेवर चालणारे नवे यंत्र घेतले. मला भंगारात द्यायचे ठरले होते, पण आर्डिसने मागून घेतले. तिच्या घराच्या तळघरात, कपडे धुण्याचे यंत्र आणि भट्टी यांच्यामध्ये, मी येऊन बसले. बराच काळ माझ्यावर एक जुनी चादर होती.

ती चादर काढली नोरीन कोवालने. नोरीन ही लिनेआची वसतिगृहातली मैत्रीण. बुटकी, चष्मेवाली, भरभर बोलणारी. शिक्षण संपवून ती डुलुथच्याच एका शाळेत गणित शिकवायला आली आणि दर शनिवारी आर्डिसकडे येऊ लागली. आर्डिस कॉफी करायची, दालचिनीचा पाव कापायची. दोघी बसायच्या, पण बोलायला काही नसायचे. लिनेआबद्दल बोलता येत नव्हते आणि दुसरे काही दोघींत सारखे नव्हते. मग ‘पलीकडचे ठाणे’ रोज दुपारी पुन्हा दाखवायला सुरुवात झाली. आता बोलायला काहीतरी मिळाले. बोलता बोलता नोरीनने सुचवले की या मालिकेवर एक मासिक काढू या, यंत्र घरातच आहे. देशभर असे वेडे लोक होते आणि ते आपापल्या तळघरांतून अशी मासिके काढून एकमेकांना टपालाने पाठवत असत.

मासिकाचे नाव ठेवले ‘ठाण्यावरून’. त्यात गोष्टी असत, कविता असत, वाद असत. वाचनालयात लावलेली चिठ्ठी वाचून वॉल्टर हाक्काला त्यांना येऊन मिळाला. हा फिनलंडहून आलेल्या कुटुंबातला माणूस खनिजाच्या धक्क्यावर कामाला होता आणि मुखपृष्ठावर यानांची फार सुंदर चित्रे काढायचा. बोलायचा कमी. पाने जुळवायच्या दिवशी तिघे लांब टेबलाभोवती एकामागून एक फिरत, प्रत्येक गठ्ठ्यातले एकेक पान उचलत आणि शेवटी वॉल्टर ते टाचत असे. एकदा नोरीन त्याला म्हणाली, “वॉल्टर, तू इतकी यानं काढतोस, त्यात कधी माणूस का नसतो रे?” वॉल्टर बराच वेळ टाचत राहिला आणि मग म्हणाला, “आत आहेत की. थंडी आहे म्हणून बाहेर येत नाहीत.” नोरीन हसली. आर्डिसचे ओठही जरा हलले. माझ्या आयुष्यातला तो बरा काळ होता, असे म्हणायला हरकत नाही.

त्या सुमारास गावातल्या काही बायका दर बुधवारी जमून पुस्तके वाचू लागल्या होत्या. बायकांना शाळेत, कारखान्यात, घरात कसे वागवतात, सिनेमात कसे दाखवतात, यावर त्या बोलत. नोरीन तिथे जाऊ लागली. शाळेत तिच्या बरोबरीच्या पुरुष शिक्षकाला वरचे वर्ग दिले होते आणि तिला सांगितले होते की तुझे लग्न झाले की तू सोडून जाशील. ती चिडलेली होती. तिने व्हेसाचे सगळे भाग पुन्हा पाहिले आणि एक लेख लिहून आणला. त्याचे नाव होते ‘व्हेसा कुठे आहे?’

लेख कडक होता. पहिल्या वर्षी व्हेसा वाट शोधते, असे नोरीनने लिहिले होते. नंतर मात्र ती फक्त सापडते. ग्रह कुठलाही असो, तिथले लोक तिला पकडून खांबाला बांधतात आणि कप्तान येऊन सोडवतो. ज्या यानात पुरुष गळ्यापर्यंत बंद कोट घालतात, त्याच यानात व्हेसाचे गुडघे उघडे असतात; आपण डुलुथचे लोक आहोत, अशा यानाची भट्टी दुरुस्त करायला हवी हे आपल्याला कळते. व्हेसाला गाव नाही, मैत्रीण नाही, आई नाही. इतक्या वर्षांत ती दुसऱ्या बाईशी एक वाक्य बोललेली नाही. आणि शेवटच्या भागात तिला स्वतःचे यान मिळते, तर ते नाकारून ती जखमी कप्तानाचा हात धरून बसते, संगीत वाजते, आणि हा तिचा विजय आहे असे आपल्याला सांगतात. आपण हे गोड मानून घेतले, कारण उपाशी माणसाला शिळेही चालते.

आर्डिसने तो लेख माझ्याजवळच्या दिव्याखाली उभ्यानेच वाचला. नोरीन तिच्या तोंडाकडे पाहत होती. आर्डिस म्हणाली, “मला हे पटत नाही.” नोरीन म्हणाली, “मग छापू नका.” त्यावर आर्डिस म्हणाली की छापायचे की नाही हे पटण्यावर ठरवले तर मासिक कशाला काढायचे. तिने स्टेन्सिल चढवली आणि तो सगळा लेख कापला. एका जागी नोरीनचे स्पेलिंग चुकले होते, तेवढे सुधारले. बाकी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

अंक गेला आणि पत्रांचा पाऊस पडला. विस्कॉन्सिनच्या एका परिचारिकेने लिहिले की डॉक्टर मला असेच बाजूला उभे करतात, हे मला आज कळले. आयोवातल्या एका गृहिणीने लिहिले की माझी व्हेसा माझ्याजवळ राहू द्या, मला दुसरे काही नाही. एका पुरुषाने लिहिले की गुडघे झाकले तर पाहायचे काय. नोरीनने ते पत्र दात खाऊन मोठ्याने वाचले आणि वॉल्टरने पुढच्या अंकाला मुखपृष्ठावर कप्तानाचे उघडे, केसाळ गुडघे काढले. त्या अंकावर पुष्कळ लोक हसले. पण वाद हसण्यावारी गेला नाही. बायकाच बायकांशी भांडू लागल्या. काहींनी वर्गणी बंद केली. बुधवारच्या बायका म्हणाल्या की असली मालिका बघणेच सोडून द्या. मी सगळ्यांची पाने छापली.

मग आर्डिसने उत्तर लिहिले. तिने लिहिले की मी लहान होते तेव्हा सिनेमातली बाई कॉफी ओतायची नाहीतर रडायची. व्हेसा खुर्चीत बसली आणि तिचे गणित होईपर्यंत पुरुष गप्प उभे राहिले. तुम्ही ती किती वेळा बांधली गेली ते बघता. मी बघते की ती प्रत्येक वेळी परत त्याच खुर्चीत येऊन बसली. माझ्या लिनेआने तिला पाहिले आणि गणिताचे पुस्तक उघडले. ज्यांना ती कमी वाटते त्यांनी खुशाल दुसरी शोधावी, पण माझ्या मुलीला जिने वाट दाखवली तिला बाहुली म्हणू नये.

हे तिने नोरीनला आधी दाखवले नव्हते. पाने जुळवायच्या दिवशी नोरीन टेबलाभोवती फिरत असताना सातव्या पानावर तिला लिनेआचे नाव दिसले. ती जागीच थांबली. मागून येणारा वॉल्टर तिच्यावर आदळता आदळता राहिला.

“लिंडक्विस्टबाई, हिचं नाव यात कशाला घातलंत?”

“खरं आहे म्हणून.”

“खरं नाहीये हे.” नोरीनचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. “लिनेआला ती मालिका आवडत नव्हती. शेवटची दोन वर्षं तर अजिबात नाही. वसतिगृहात ती व्हेसाची नक्कल करायची आणि आम्ही सगळ्या हसून लोळायचो. माझ्या लेखातलं अर्धं तिचंच आहे. ती दर शुक्रवारी गाडी काढायची ती तुमच्यासाठी. तुम्हाला एकटीला बसून बघावं लागू नये म्हणून.”

भट्टी चालू झाली आणि पाइपांत नेहमीसारखा ठकठक आवाज झाला. वॉल्टरने हातातली पाने टेबलावर ठेवली. आर्डिस नोरीनकडे पाहत होती, पण तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नव्हते. कोरा कागद आत जावा आणि कोराच बाहेर यावा, तसे.

“सातवं पान तुझ्याकडे आहे,” ती म्हणाली. “इकडे दे.”

नोरीनने पान दिले, कोट घेतला आणि जिना चढून गेली. आर्डिस आणि वॉल्टर यांनी उरलेला अंक जुळवला. सगळे अंक टाचून, पत्ते लिहून टपालात गेले. आर्डिसचे उत्तरही गेले, लिनेआच्या नावासकट.

त्यानंतर दुपारी वरच्या मजल्यावर टीव्ही लागेना. एरवी चार वाजता मालिकेच्या संगीताचा घुमणारा आवाज जमिनीतून माझ्यापर्यंत यायचा. आता आर्डिसच्या पावलांचा आवाज येई, नळाचा येई, बाकी काही नाही. ती कपडे धुवायला खाली येई आणि यंत्र थांबेपर्यंत त्याच्यापुढे उभी राही. थांबल्यावरही उभी राही. चर्चमधली कामे ती करत होती, वॉल्टरला पत्रे वाचून दाखवत होती, जेवतही असावी. नोरीन आली नाही. शनिवारचा पाव कोण खात होते, मला माहीत नाही.

उन्हाळ्यात सरोवराकाठच्या एका हॉटेलात मालिकेच्या चाहत्यांचा मेळावा भरायचा होता. व्हेसावरच्या वादाची बातमी सगळीकडे गेली होती, म्हणून त्यावर जाहीर चर्चा ठेवली होती. एका बाजूला नोरीन, दुसऱ्या बाजूला आर्डिस, आणि पाहुणे म्हणून हॅरिस डेल. या गृहस्थांनी मालिकेचे कितीतरी भाग लिहिले होते. मेळाव्याचे रोजचे बातमीपत्र काढायला वॉल्टरने मला आपल्या ट्रकमधून तिथे नेले आणि सभागृहात मागच्या टेबलावर ठेवले. म्हणून पुढचे सगळे मी स्वतः ऐकले आहे.

नोरीन आली नाही. तिची खुर्ची रिकामी होती. मेळाव्याचे चालक गडबडले. त्यांनी सुचवले की चर्चा रद्द करू आणि डेलसाहेबांना पडद्यामागच्या गमती सांगायला लावू. तेव्हा आर्डिस म्हणाली, “तिची बाजू लिहिलेली आहे. मी वाचते.”

“पण बाई, तुम्ही तर तिच्या विरुद्ध आहात.”

“हो. म्हणूनच नीट वाचीन.”

तिने पिशवीतून तो अंक काढला आणि उभी राहिली. चर्चमध्ये ती जशी सूचना वाचायची तशाच सपाट आवाजात वाचू लागली. गुडघ्यांच्या वाक्याला लोक हसले. ती हसली नाही, हशा संपेपर्यंत थांबली आणि पुढे गेली. व्हेसा फक्त सापडते, हे तिने वाचले. तिला गाव नाही, हे वाचले. “व्हेसाला मैत्रीण नाही, आई नाही,” हे वाक्य आले तेव्हा मात्र ती थांबली. तिने ते मनात पुन्हा वाचले असावे, कारण तिचे बोट त्या ओळीवरून मागे गेले. ग्लासातले पाणी प्यायली. मग शेवटपर्यंत वाचले आणि अंक मिटून टेबलावर ठेवला. स्वतःचे उत्तर तिने पिशवीतून काढलेच नाही.

डेलसाहेबांनी दिलखुलास टाळ्या वाजवल्या. माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले की एवढा विचार आम्ही केला असता तर एकही भाग वेळेवर निघाला नसता. कप्तानाला समजावून सांगायला कुणीतरी लागते आणि वाचवायलाही कुणीतरी लागते, म्हणून व्हेसा. “गोड पोरगी आहे हो,” ते म्हणाले. “तिच्या डोक्यावर इतकं ओझं नका टाकू.” सभागृह हसले.

“ती कुठल्या गावची?” आर्डिसने विचारले.

“कोण?”

“व्हेसा. कुठल्या गावची, आणि तिला गणित कुणी शिकवलं?”

डेलसाहेबांनी जरा आठवून पाहिले. “खरं सांगू का, ते आम्हाला कधी लागलंच नाही.”

“आम्हाला लागलं,” आर्डिस म्हणाली. तिचा आवाज अजून तसाच सपाट होता. “आमच्या घरात तिला गाव होतं. थंड, तळ्याकाठचं. तिची आई कपडे शिवायची आणि तिला आकडेमोड येत नव्हती, पण रात्री दिवा ठेवायची. माझी मुलगी लहान होती तेव्हा आम्ही जेवताना हे सगळं ठरवायचो. नोरीनने लिहिलंय ते बरोबर आहे, डेलसाहेब. तुम्ही आमच्याकडे नुसता गणवेश पाठवलात, तोही तोकडा. आतली बाई आम्ही घरी केली. मी इतकी वर्षं समजत होते की ती तुम्ही पाठवलीत. म्हणून तुमची बाजू घेऊन मी त्या पोरीशी भांडले.”

ती बसली. मागच्या रांगेत कुणीतरी नाक शिंकरले. टाळ्या वाजल्या त्या उशिराने, आणि आर्डिसने त्या ऐकल्यासारखे दाखवले नाही. वॉल्टर मात्र माझ्याजवळ बसून दोन बोटांनी स्टेन्सिल कापत होता. त्याने तिचे बोलणे जसेच्या तसे उतरवले आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीपत्रात घातले. त्याच्या खूप चुका झाल्या होत्या, त्या त्याने तशाच राहू दिल्या. एक प्रत त्याने घडी करून खिशात ठेवली आणि घरी जाताना नोरीनच्या दारात नेऊन दिली.

नोरीन लगेच आली नाही. पानगळ सुरू झाली तेव्हा आली. आर्डिस तळघरात वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. नोरीन जिन्याच्या तळाशी उभी राहिली. मग पुढे येऊन तिने चादरीचे दुसरे टोक धरले. दोघींनी ती ताणली, दुमडली, एकमेकींच्या जवळ आल्या, पुन्हा लांब झाल्या. अशा दोन-तीन चादरी झाल्या.

“मी तसं बोलायला नको होतं,” नोरीन म्हणाली.

“काय म्हणून हसायची ती?” आर्डिसने विचारले.

“कोण?”

“लिनेआ. व्हेसाची नक्कल करायची म्हणालीस. काय करायची ते सांग.”

नोरीनने नको म्हणून मान हलवली. आर्डिस चादरीचे टोक धरून उभी राहिली. शेवटी नोरीन भिंतीला पाठ लावून, हात मागे बांधल्यासारखे करून उभी राहिली. तिने मान वर केली आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली, “कप्तान, मला सोडवायची घाई नाही. पण तो नकाशा तेवढा इकडे फिरवा, माझं गणित अर्धं राहिलंय आणि तुम्ही चुकीच्या ताऱ्याकडे निघालाय.”

आर्डिस हसली नाही. “पुन्हा कर,” म्हणाली.

नोरीनने पुन्हा केले. या वेळी वाक्य पुरे झाले नाही.

“तू म्हणालीस की ती माझ्यासाठी यायची,” आर्डिस म्हणाली. “इतके दिवस मी तेच घेऊन बसले आहे. त्या रस्त्याने ती माझ्यापायी आली, एवढंच मला दिसत होतं.” तिने हातातली चादर टेबलावर ठेवली. “मला वाटायचं, ती व्हेसासाठी येते. मी दरवाजा उघडायचे आणि मनात म्हणायचे, ही काही माझ्यासाठी आलेली नाही. चार वर्षं, दर शुक्रवारी.”

आर्डिसने दुसरी चादर उचलली आणि एक टोक नोरीनकडे केले.

नंतर ‘ठाण्यावरून’चे आणखी काही अंक निघाले. त्यांत दोघी एकमेकींच्या विरुद्ध लिहीत राहिल्या, कारण दोघींची मते फारशी बदलली नव्हती. नोरीनला व्हेसा कधी आवडली नाही. आर्डिसने तिला कधी सोडले नाही. पुढे झेरॉक्स आले आणि माझे काम संपले. आर्डिस गेली तेव्हा तिच्या मयताची पत्रिका कुठल्या तरी दुकानात छापली. ती गुळगुळीत होती असे म्हणतात. मी पाहिली नाही. नोरीनने, तिचेही केस तोवर पांढरे झाले होते, मला आणि सगळे अंक एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊन टाकले.

आता मी तिथे एका काचेच्या कपाटाशेजारी असते. माझ्या पिंपातली शाई वाळून दगड झाली आहे. तरुण मुली येतात आणि अंक मागवून वाचतात. नोरीनचा लेख त्या उतरून घेतात, त्याला शहाणा म्हणतात. आर्डिसच्या उत्तराला जुनाट म्हणतात आणि पान उलटतात. त्यांचे चूक आहे असे मी म्हणत नाही. दोन्ही पाने मीच छापली आहेत.

मित्रांनो, मला मागायचे ते थोडेच आहे. माझ्यासारखे एखादे यंत्र तुमच्या शाळेच्या अडगळीत सापडले तर भंगारात देण्याआधी त्याचे रूळ पुसा आणि दांडा एकदा फिरवून पाहा. आणि एखाद्याची आवडती गोष्ट खोटी ठरवायला निघाल तेव्हा अवश्य ठरवा, पण त्याच्या शेजारी बसून ती कोण कोण पाहत असे, हे आधी विचारा.